लावणी आवडते पण आता ऐकताना अडखळायला होतं... तुमचं काय होतं?

चिंचवडकरीण

नमस्कार मंडळी, हा धागा काढू की नको असं महिनाभर चाललं होतं, शेवटी आज लिहितेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळची बार्शीची. बाबा एसटीत कंडक्टर, रविवारी सुट्टी असली की सकाळी टेपवर आधी भूपाळी, मग अभंग आणि आंघोळ झाली की सुलोचना चव्हाणांची कॅसेट. आई पोळ्या लाटता लाटता ठेका धरायची, पण दारात कोणी आलं की पहिला हात टेपच्या आवाजावर. म्हणजे लावणी ही आवाज बारीक करून ऐकायची गोष्ट आहे हे मला लावणी कळायच्या आधी कळलं होतं :) तरी आवडायची, आजही आवडते, ढोलकीची पहिली थाप पडली की अंगात काहीतरी होतंच, त्याला इलाज नाही.

यंदा सोसायटीच्या गणपतीत आम्ही आठ जणी लावणी बसवतोय. नऊवारी शिवून घेतल्यात, मी त्यातल्या त्यात नाचणारी म्हणून बसवायचं माझ्याकडे. मला वाटलं यूट्यूब बघून नक्कल करण्यापेक्षा एकदा खरं बघून यावं, म्हणून मी, नवरा आणि दोन मैत्रिणी असे चौफुल्याला लावणीच्या थेटरात गेलो. पहिल्यांदाच. बायका बघायला आल्यात म्हणून थेटरवाल्यांनी पुढच्या खुर्च्या दिल्या. एकामागून एक पार्ट्या येत होत्या, बऱ्याचशा सिनेमाच्या गाण्यांवर, मोठ्या आवाजात. मग एक बाई आल्या, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, त्यांनी मांडी घालून बैठकीची लावणी म्हटली आणि नुसत्या भुवया, मनगट आणि पदर यांच्यावर वीस मिनिटं माणसं धरून ठेवली. मी अक्षरशः तोंड उघडं टाकून बघत होते.

नंतर आत जाऊन भेटलो. चाळ सोडत बसल्या होत्या. ते चाळ मी उचलून बघायला गेले तर एका हाताने नीट उचलेनात. आणि घोट्याच्या वर चारी बाजूंनी कातडी काळी, जाड, बुटाच्या टाचेसारखी झालेली. मी काहीतरी कौतुकाचं बोलत होते, त्या हसून म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडं गणपतीत प्रोग्राम असतोय का? आमच्या पार्टीला द्या की सुपारी."

मी "बघते हं" म्हणाले. आणि मला तिथेच आठवलं की कमिटीच्या मीटिंगमध्ये लावणीचा विषय निघाला तेव्हा आमचे सेक्रेटरी म्हणाले होते, "चालेल ना, घरच्याच बायका करणारेत. बाहेरची पार्टी नको, फॅमिली क्राउड आहे." आणि मी मान डोलावली होती.

घरी आल्यावर 'कोल्हाट्याचं पोर' वाचलं, नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या किशोर काळेंचं आत्मचरित्र. उशिरा वाचलं, मान्य आहे. आता प्रॅक्टिसला स्पीकर लावला की त्या सोळाव्या वर्षाच्या धोक्याच्या गाण्यावर मला पुढचा स्टेपच घेता येत नाही. ज्या मुलींच्या बाबतीत वयात येणं म्हणजे खरोखर बोली लागणं होतं, त्यांच्या कलेतून आलेलं गाणं आणि आम्ही त्यावर गजरे माळून हसत हसत नाचतोय. नवरा म्हणतो तू फार डोक्यात घेतेस. मैत्रीण म्हणते गाणं बदल, प्रश्न मिटला.

तर विचारायचं हे की हे सगळं कळल्यावर तुम्ही लावणी कशी ऐकता? ऐकता का? का बंद केलीत? उपदेश नको प्लीज, तुमचं स्वतःचं काय होतं ते सांगा.

पोटमाळा

चांगला धागा. माझं काय होतं ते शेवटी सांगतो, आधी तुमच्या रविवारच्या टेपबद्दल एक गंमत. तुमच्याकडे सकाळी जी भूपाळी लागायची ती 'घनश्याम सुंदरा' असेल तर ती होनाजीची. म्हणजे पेशवाईतला लावणीकार, जातीने गवळी, बाळा करंजकर त्याचा गाणारा जोडीदार, म्हणून होनाजी बाळा. त्यावर शांतारामबापूंनी १९५१ मध्ये सिनेमा काढला आणि ती भूपाळी घराघरात गेली. म्हणजे तुमच्या आईने लावणीकाराचीच भूपाळी मोठ्याने लावली असणार आणि लावणी लागली की आवाज बारीक केला असणार. माझ्याही आईने केलंय :)

आता इतिहासाचं. लावणी काही फक्त शृंगाराची नव्हती, रामजोशी, अनंतफंदी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ या सगळ्यांनी उपदेशाच्या, देवाधर्माच्या, दुष्काळाच्या, कूटप्रश्नांच्या अशा सगळ्या तऱ्हेच्या रचना केल्यात. पण दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात जो शृंगाराचा भर आला त्याच्या मागे नुसती रसिकता नव्हती. त्याच पुण्यात कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायांची, खरेदी-विक्री होत होती, व्यभिचाराचा ठपका ठेवून बायांना बटीक करून सरकारी कोठीत आणून टाकत होते, त्यातल्या काही नाटकशाळेत, म्हणजे नाचगाण्यासाठी ठेवलेल्या बायांत, जात. दप्तरात याचे कागद आहेत, कोणी रचलेली गोष्ट नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी नव्वदच्या दशकात हेच मांडलं की खालच्या जातीची बाई म्हणजे कायम आसुसलेली, कायम तयार, ही जी लावणीतली बाई आहे ती कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी घडवली ते बघा. मी ते वाचल्यापासून 'या बाई' कोण आहेत हा प्रश्न डोक्यातून जात नाही, कारण लिहिणारा पुरुष, पैसे देणारा पुरुष, आणि बोलतेय ती बाई, 'मी'च्या भाषेत.

अजून एक, तमाशाच्या फडात बाई उभी राहिली ती खूप उशिरा, त्याआधी बाईच्या वेशात नाचणारा मुलगा, नाच्या पोऱ्याच असायचा. पहिली म्हणून पवळाचं नाव घेतात, संगमनेरकडच्या हिवरगावची. तिच्यासोबत शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. त्यांनी घरदार, जात सगळं सोडलं, लोकांनी वाळीत टाकलं, हे आपल्याला फार रोमँटिक वाटतं. पण बापूरावांच्या नावाने पाठ्यपुस्तकात धडा असू शकतो, पवळाला एक ओळ मिळते, तीही त्यांच्याबरोबरच.

माझं काय होतं? ऐकतो. पण पूर्वी गाडीत लावायचो, आता गाडीत लावत नाही. का ते मला पण नीट सांगता येणार नाही. बसून ऐकावीशी वाटते एवढंच.

बिनधास्त_बारामतीकर

ताई एवढा विचार करायला लागलात तर काहीच उरणार नाही हो. किल्ले बघायला जाता ना, वेठबिगारीनं किती दगड वाहिलेत तिथं? चहात साखर घालता, ऊसतोडीच्या बायकांचं काय चाललंय बघितलंय का? कला कला असते, गाणं चांगलं आहे ना, नाचा बिनधास्त, गणपती वर्षातून एकदा येतो.

आणि आता काय पूर्वीसारखं राहिलं नाही, आता मोठमोठ्या कलाकारांचे शो होतात, हजारो लोक येतात, चांगले पैसे मिळतात त्यांना.

निळी_पाटी

@बारामतीकर, "चांगले पैसे मिळतात" हे कोणाला? नारायणगावला गुढीपाडव्याच्या अगोदर जाऊन या. फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, भाव करतात, सुपारी ठरते, त्यावर शंभर-दीडशे माणसांचा फड वर्षभर चालवायचा. लॉकडाऊनमध्ये सलग दोन हंगाम यात्रा झाल्या नाहीत तेव्हा या लोकांनी मोलमजुरी केली, भाजी विकली. ज्यांचे व्हिडिओ तुम्हाला दिसतात ते दहा-वीस चेहरे सोडा.

आणि विठाबाईंचं विसरलात? भाऊ-बापू मांग नारायणगावकरांची लेक, राष्ट्रपती पदक घेतलेली बाई, ६२ च्या युद्धात सीमेवर जाऊन जवानांपुढे खेळ केला. नऊ महिन्यांची पोटुशी असताना बोर्डावर उभी, कळा आल्या तशी कनातीमागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि परत येऊन नाचली. ही गोष्ट आपण सगळे किती अभिमानाने सांगतो, "काय ती कलेवरची निष्ठा". मला कळायला लागल्यापासून ही गोष्ट ऐकली की एकच वाटतं, त्या दिवशी खेळ बंद करा म्हणणारा एक माणूस त्या तंबूत नव्हता. ती बाई २००२ ला गेली तेव्हा हॉस्पिटलचं बिल भरायला लोकांकडून पैसे गोळा करायची वेळ आली होती. चार वर्षांनी तिच्या नावाने सरकारचा पुरस्कार सुरू झाला.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाचं. आमच्या घरात लावणी लागत नाही. कॅसेट नव्हत्या, आता मोबाईलवरही नाही. माझे पणजोबा तमाशात ढोलकी वाजवायचे. बाबासाहेबांचं ऐकून फड सोडला आणि जलशात, म्हणजे चळवळीच्या प्रचाराच्या गाण्या-नाट्यात, गेले. तीच ढोलकी, तेच तुणतुणं, पण गवळण गेली, नाच गेला, कृष्णाच्या जागी शिकलेला पोरगा आणि मावशीच्या जागी सावकार. पठ्ठे बापूराव खेळांचं उत्पन्न चळवळीला देणगी द्यायला गेले तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतलं नाही, आमच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणाले, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पैशाची गरज नव्हती का? प्रचंड होती.

त्यामुळे कोणी मला "अरे पण कला म्हणून बघ" म्हटलं की डोकं फिरतं. कला म्हणून बघायची चैन ज्याच्या आजीला कोणी नाच म्हटलं नाही त्याला परवडते. मला बघायचं नाही. मला न बघण्याचाही हक्क आहे ना, तो पण रसिकतेचाच भाग समजा.

पण एक कबुली देऊन टाकतो कारण ताईंनी स्वतःचं काय होतं ते विचारलंय. शैलजा पाईक यांचं तमाशातल्या बायांवरचं संशोधन वाचताना, त्याच पाईक ज्यांना २०२४ ला अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, मला जाणवलं की आमच्या माणसांनी अब्रू मिळवण्यासाठी तमाशा सोडा म्हटलं ते बरोबरच होतं, पण ज्या बायांना सोडता आलं नाही त्या मग आमच्याही राहिल्या नाहीत. पणजोबांच्या फडातल्या बायांचं पुढे काय झालं, घरात कोणालाच माहीत नाही. कधी विचारलंच नाही कोणी.

पोटमाळा

निळी_पाटी, दोन वेळा वाचला प्रतिसाद. गाडीतली लावणी का बंद झाली याचं उत्तर बहुतेक तुमच्या विठाबाईंच्या परिच्छेदात आहे.

वाईकडचा

बरेच दिवस वाचनमात्र होतो. या धाग्यावर लिहायलाच पाहिजे असं वाटलं, आयडी नवा काढलाय, कारण ऑफिसातले दोघंतिघं इथं असतात.

मी कोल्हाटी. माझी आत्ती संगीत बारीत, म्हणजे थेटरात लावणी करणाऱ्या पार्टीत होती, पस्तीस वर्षं. आमच्यात काय असतं ते काळेंच्या पुस्तकात आहेच, नाचणारी पोरगी लग्न करत नाही, भावाच्या घरी राहते, तिच्या पैशावर भाऊ, भावजय, भाचरं. किशोर काळेंनी मधलं नाव आईचं लावलं, शांताबाई, कारण लावायला दुसरं नव्हतंच. माझं तसं नाही, मला बाप आहे. पण माझा बाप तिच्या पैशावर जगला आणि मी तिच्या पैशावर डिप्लोमा केला, हे आजवर कुठं लिहिलेलं नाही. तिचा चिरा उतरवला, म्हणजे पैसे घेऊन तिला पहिल्यांदा मालकाकडे दिलं, तेव्हा ती चौदाची होती का पंधराची हे घरात कुणालाच नक्की माहीत नाही. पैसे किती आले ते मात्र सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यातून खोलीवर पत्रे घातले हे पण.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल मग बंदच करा हे सगळं. थांबा जरा.

आत्ती अडाणी, पण लावण्या किती पाठ होत्या याची मोजदाद नाही. सकाळी दहाला उठायची (रात्री थेटर असायचं), चहा घेतला की पेटीमास्तर यायचा आणि रियाज. आम्ही पोरं दारात बसून बघायचो. एकदा तिनं मला आणि चुलतभावाला बसवून घेतलं आणि म्हणाली, बघा आता, मी नुसतं "या" म्हणते. ओळ काय ती सोडा, एवढा एकच शब्द, "या बसा" मधला "या". पहिल्यांदा म्हटलं ते दारात पाव्हणा आल्यासारखं. मग वर्षानं परत आलेल्याला म्हणतात तसं, गळा थोडा आत ओढून. मग रुसून, तोंड दुसरीकडं करून. मग गर्दीतल्या एकालाच कळावं असं, नुसती मान हलवून. असं सात-आठ तऱ्हेनं म्हटलं, आम्ही खुश. शेवटचं एक म्हटलं, त्यात सगळं होतं, हसू, डोळे, हात पुढे, आणि मला लहान असून पोटात कसंतरी झालं. मी विचारलं हे कसलं? तर म्हणाली, हा जो येऊ नये असं वाटतंय त्याला म्हणायचा "या".

आणि पुढं जे म्हणाली ते मी विसरलो नाही. म्हणाली, दौलतजादा (बघणारे उधळतात ते पैसे) सगळ्यात जास्त यालाच पडतो रे. बघणाऱ्याला वाटतं आपल्यावर भाळली.

तर @चिंचवडकरीण ताई, तुम्ही विचारता कसं ऐकायचं. मला कलेतलं फार कळत नाही, मी मशीनवरचा माणूस. पण आत्तीनं जे भोगलं ते बाजूला ठेवून गाणं ऐका असं जे म्हणतात त्यांना हे कसं सांगू की बाजूला ठेवायला ते बाजूला नव्हतंच, त्या "या" मध्येच होतं. आणि @निळी_पाटी दादा, तुमचा राग मला कळतो, शंभर टक्के. फक्त आत्तीला कोणी म्हटलं असतं की तू जे करतेस ते फक्त शोषण आहे, तर तिनं तुम्हाला चहा पाजून घालवून दिलं असतं. ती म्हणायची मालकानं मला घर दिलं नाही, भावानं मान दिला नाही, गळा दिला तो देवानं, त्याला नावं ठेवायची नाहीत.

लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकर आमच्या वाईच्याच. लहानपणी आईबरोबर दारोदार गाऊन मागायच्या, आणि २०१२ ला पद्मश्री. गेल्या तेव्हा शंभरी ओलांडली होती. आत्तीला त्यांचं फार. टीव्हीवर पद्मश्रीचं दाखवलं तेव्हा आत्ती पदर डोक्यावर घेऊन नीट बसली होती, जसं काही तिलाच बोलावलंय.

आत्ती जाऊन सहा वर्षं झाली. घरात तिचा फोटो आहे, पण तो आधार कार्डाचा मोठा करून लावलेला. बोर्डावरचे होते, ते माझ्या लग्नाच्या वेळी पेटीत गेले, सासरची माणसं येणार म्हणून. मीच ठेवले.

मांडवीकाठ

वाईकडचा, तुमच्या प्रतिसादाखाली काही लिहावं असं खरं तर नाही, पण फोटोचं वाचलं आणि राहवेना.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. आमच्याकडे उलटा प्रकार झाला. आमच्या कलावंतांच्या घराण्यांतून काय काय निघालं ते सगळ्यांना माहीत, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा थोर गायिका, यादी लांब आहे. देवळाशी बांधलेल्या बाया, यजमान, लग्न नाही, मुलांना आईचं किंवा गावाचं नाव, ही सगळी तीच कथा, फक्त ढोलकीऐवजी तंबोरा. समाजाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवून बदल केला, संघटना उभी केली, शाळा, शिष्यवृत्त्या, लग्नं, नवं नाव, आणि खरंच एका पिढीत चित्र पालटलं. त्याचा अभिमान आहे आणि असलाच पाहिजे.

पण त्यात एक झालं. ख्याल 'शास्त्रीय' झाला, सोवळा झाला, आणि तो ज्यांनी गळ्यात जपला त्या आज्यांचं कोणी नाव काढेना. केसरबाईंची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, त्याच वर्षी त्या गेल्या, हे आम्ही शाळेत ऐकलं. पण केरीहून निघालेली ही मुलगी कुठल्या घरातली हे शाळेत कोणी सांगितलं नाही. मोगूबाईंची लेक किशोरीताई आमोणकर मानधनाच्या आणि मानाच्या बाबतीत एवढ्या कडक का होत्या, यावर लोक किस्से सांगून हसतात, पण मोगूबाईंना मैफिलीला बोलावणारे त्यांना कसं वागवायचे ते या पोरीने लहानपणी जवळून पाहिलं होतं.

म्हणजे लावणीला आम्ही 'तसली' म्हणून दूर ठेवलं आणि ख्यालाला 'तसला नाहीच' म्हणून जवळ घेतलं. दोन्हीकडे बाईच गायब.

माझं विचाराल तर मी मोगूबाई ऐकतो तेव्हा मला कुर्डी आठवतं. त्यांचं गाव साळावलीच्या धरणात गेलंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की महिनाभर वर येतं, घरांची जोती, देऊळ, सगळं दिसतं. लोक तेव्हा जाऊन येतात. बस, एवढंच आठवतं, त्याचा अर्थ काही लावत नाही.

बिनधास्त_बारामतीकर

वाईकडचा भाऊ, माझा वरचा प्रतिसाद एडिट करता येत नाही आता. करता आला असता तर केला असता.

खलबत्ता

सगळं वाचलं. एक प्रॅक्टिकल शंका, धागाकर्तीच्या सोसायटीतल्या आठ जणी नाचतायत यात नक्की चूक काय आहे? माझ्या मते तर उलट चांगलं आहे, आपल्या आयांना आवाज बारीक करावा लागत होता, आपण स्टेजवर करतोय. सुलोचनाबाई स्वतः संसारी, डोक्यावर पदर घेऊन गायच्या, त्यांनीच तर लावणी घरात आणली. सगळ्यांनी अपराधी वाटून सोडून दिली तर पुढे करणार कोण?

निळी_पाटी

चूक नाचण्यात नाहीच. तुमच्या आठ जणी नाचून घरी गेल्या की त्यांना कोणी "किती घेणार" असं विचारत नाही. तीच लावणी, तीच नऊवारी. एकीची हौस आणि दुसरीचा बोभाटा. हे सेक्रेटरींच्या "घरच्याच बायका" मध्ये सगळं आलं बघा, मला वेगळं लिहायची गरज नाही.

@वाईकडचा, दादा नाही, लहान असेन मी तुमच्यापेक्षा. आत्तींच्या "या" वर काल रात्री आईशी बोललो. तिने पणजोबांच्या फडातल्या एका बाईचं नाव सांगितलं, सखू. आडनाव, गाव काही नाही. तिला कसं माहीत विचारलं तर म्हणे तुझी पणजी भांडणात काढायची. मी तरी लावणी ऐकणार नाहीये, ते तसंच. पण नाव मिळालं.

वाईकडचा

नाव मिळालं हे भारी झालं. गाव मिळालं तर सांगा, आमच्यात म्हाताऱ्या बायांना कोण कुठल्या पार्टीत होतं हे लई लांबपर्यंत माहीत असतं. विचारून बघतो.

ताई, सुपारीचं काय झालं मग?

चिंचवडकरीण

मंडळी, दहा दिवस गायब होते, माफ करा. वाईकडचा यांचा प्रतिसाद प्रॅक्टिसच्या आधी आमच्या ग्रुपवर टाकला (आयडी काढून). आठातल्या तिघी म्हणाल्या की आपण उगाच सिरीयस करतोय, एकीने रडका इमोजी टाकला आणि एक, जी सगळ्यात कमी बोलते, ती खाली भेटल्यावर म्हणाली की तिची आजी मोडनिंबची, म्हणजे तेही लावणीच्या पार्ट्यांचंच गाव, आणि पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

गाणं बदललं. खरं सांगायचं तर कुठल्या तत्त्वासाठी नाही, मला ते नाचताच येईना म्हणून.

मग रविवारच्या कमिटी मीटिंगमध्ये मी विषय काढला, की शनिवारी चौफुल्याच्या त्या बाईंची बैठकीची लावणी ठेवू, क्लबहाऊसमध्ये, खुर्च्या नको, सतरंज्या घालू, स्पीकर छोटा, तासभर. पहिल्यांदा शांतता. मग एक काका म्हणाले कल्पना चांगली आहे पण लहान मुलं असतात. मी म्हटलं काका, गेल्या वर्षी ऑर्केस्ट्रात जे वाजलं ते लहान मुलांसमोरच वाजलं ना. त्यावर हसले सगळे. मग खजिनदारांनी दर विचारला. मी फोनवर आधीच विचारून ठेवला होता, सांगितला, पेटी-तबला, दोन मुली, गाडीभाडं सगळं धरून. तर म्हणे एवढे? सोसायटीच्या बायका तर फुकट करतायत! डीजेला याच्या दुप्पट देतो आपण, हे मी बोलले आणि ते जरा जास्तच मोठ्याने बोलले गेले.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले ठेवू, पण पोस्टरवर 'लावणी' नको, 'पारंपरिक लोककला' लिहा. मी नाही म्हटलं. बाईंचं नाव आणि खाली 'बैठकीची लावणी' एवढंच लिहायचं. त्यावर अर्धा तास वाद झाला, मग चहा आला. आत्तापर्यंतचा निर्णय असा की आधी शनिवारच्या भजनी मंडळाची वेळ फिक्स करायची आणि मग बघायचं.

बाईंना फोन करून सांगितलं की अजून नक्की नाही. त्या म्हणाल्या, "हरकत नाही ताई, पण शनवारचं असंल तर बुधवारपर्यंत सांगा, पेटीमास्तर एकच आहे, दुसरीकडं जाईल."